आईला न सांगता काफुएला

आफ्रिकेला जायचं ते आईला सांगायचं नाही, हे आमच्या घरात आधी ठरलं. आफ्रिकेत नेमकं कुठे जायचं, ते त्यानंतर दोन महिन्यांनी ठरलं.

नवऱ्याची साठी होती. भूकंपानंतर न्यूझीलंडमधलं ख्राइस्टचर्च नव्यानं बांधायला इंजिनिअर हवे होते, तेव्हा आम्ही इथे आलो आणि इथलेच झालो. जन्मभर इमारतींच्या तुळया तपासणाऱ्या या माणसाला पक्ष्यांचं वेड आहे, आणि गर्दीला तो पक्ष्यांइतकाच बुजतो. मसाई मारा नको, तिथे एका सिंहामागे वीस गाड्या लागतात, गाड्याच बघायच्या तर मोटरवे काय वाईट आहे, असं म्हणत त्यानं झांबियातलं काफुए नॅशनल पार्क शोधून काढलं. इथल्या मराठी मित्रमंडळींत ज्याला सांगावं तो विचारायचा, "काफुए? ते कुठे आलं? मग क्रूगर का नाही?" चांगलं चालून आलेलं स्थळ नाकारल्यासारखं प्रत्येकाला कारण द्यावं लागायचं.

मला स्वतःला जायचं नव्हतं असं नाही. पण सहा-सहा तास गाडीत गप्प बसून झाडाकडे बघायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही याची मला खात्री होती. मी एका जागी बसू शकत नाही. सिनेमाला मला कडेची खुर्ची लागते, जेवताना मी चार वेळा उठते, आणि फोन उशाशी, ओट्यावर, कपड्यांच्या खिशात, कुठेही असला तरी दर पाच मिनिटांनी मी तो बघते. पुण्याहून काहीतरी आलं असेल. काहीतरी म्हणजे काय ते आम्ही परदेशात राहणारे सगळे जाणतो आणि कुणी बोलत नाही.

आईला का सांगायचं नाही, तर मागे एकदा मी तिला सांगून चार दिवसांच्या ट्रेकला गेले होते. साधी पायवाट, रोज संध्याकाळी झोपडी, बरोबर बारा माणसं. आईला चार दिवस अन्न गोड लागलं नाही. माझा मोठा भाऊ आईबरोबर पुण्यात राहतो. त्यानं फोन करून मला झापलं. "यापुढे असलं काही करायचं तर कर, पण तिला सांगू नकोस. ती इथे माझा जीव खाते." म्हणजे आदेश दादाचाच होता. शिवाय आमच्या घराण्यात हे नवीन नव्हतं. मी बारावीत असताना आजोबा गेले, ते मला शेवटची प्रॅक्टिकल संपल्यावर कळलं. तेव्हा मी तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते. पण मोठी झाल्यावर मीही तेच शिकले. समोरच्याला त्रास होईल असं काही असलं की गप्प बसायचं, आणि त्याला माया म्हणायचं.

यावेळी दादालाही सांगितलं नाही, कारण त्याच्या पोटात काही राहत नाही. दोघांना मिळून एक थाप मारली. मी इथल्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. म्हटलं, वॉर्डात माणसं कमी आहेत, अकरा दिवस सलग ड्युटी आहे, एकही सुट्टी मिळणार नाही. फोन करू नका, मी मेसेज करत जाईन.

पण काफुएत रेंज नाही, मग मेसेज कोण करणार? तर माझी लेक. ती पापाकुऱ्याला राहते, रोज ट्रेननं ऑकलंडला कामावर जाते. मराठी तिला सगळं कळतं, बोलते मात्र इंग्रजीत. माझं व्हॉट्सअ‍ॅप तिच्या लॅपटॉपला जोडून दिलं आणि अकरा दिवसांचे मेसेज मी आधीच टाइप करून तिला पाठवले. 'उठले. चहा झाला.' 'आज फार थंडी आहे, काचेवर बर्फ.' 'जेवायला पिठलं केलं.' रोज एक उचलायचा आणि आजीला पाठवायचा.

"मम, धिस इज सो डॉजी," लेक म्हणाली.

"तुला काही करायचं नाहीये. फक्त चिकटवायचं."

"अँड इफ आजी आस्क्स समथिंग?"

"हो म्हण. नाहीतर नंतर सांगते म्हण."

"स्वीट अ‍ॅज," ती म्हणाली, म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, पण मान हलवत. कॅम्पच्या वायरलेसचा तातडीचा नंबर मी फक्त तिला दिला. बाकी कुणाला देणार? बाकीच्यांसाठी मी वॉर्डात होते.

राजधानी लुसाकाहून निघाल्यावर मुंब्वा हे शेवटचं बऱ्यापैकी मोठं गाव. तिथल्या पेट्रोल पंपावर माझ्या फोनवरची रेषा एक झाली, मग गेली. पुढे पार्कच्या उत्तरेकडच्या मैदानापर्यंत सगळा लाल मातीचा रस्ता. मी निळं जाकीट घातलं होतं. निळं आणि काळं घालू नका, त्सेत्से माश्या त्या रंगावर येतात, असं कॅम्पच्या पत्रात लिहिलं होतं म्हणे. नवऱ्यानं ते दोनदा वाचलं होतं आणि मला एकदाही सांगितलं नव्हतं. का, तर "तू वाचलं असशील." माश्या जाड कापडातूनही कडकडून चावल्या. मग गाइडनं गाडीच्या मागे एका डब्यात हत्तीची वाळकी लीद पेटवून ठेवली. गोवरीसारखा धूर आला, माश्या हटल्या आणि मी नवऱ्याशी भांडायला मोकळी झाले.

गाइड पन्नाशीचा होता, मोजकं बोलायचा. सकाळी गार वाऱ्यात आम्ही मांडीवर घोंगडी घेऊन उघड्या गाडीत बसायचो. मैदानावर धुकं असायचं आणि त्यातून लालसर हरणांचे शेकडो कान वर आलेले दिसायचे. गाइड इंजिन बंद करायचा. ते इंजिन बंद झालं की मी घड्याळ बघायची. आता काय? किती वेळ? नवरा दुर्बीण लावून दगडासारखा बसायचा, आणि मी खिशातला फोन चाचपायची. फोन मेलेला आहे हे माहीत असून चाचपायची. गाइडला ते आरशातून दिसायचं.

"मॅडम, सिंह तुमच्या डाव्या हाताला आहे," एकदा तो म्हणाला. मी उजवीकडे खाली, फोनकडे बघत होते. सिंहीण पंधरा पावलांवर होती आणि मला न बघता जांभई देत होती. तेव्हा मला माझी लाज वाटली, हे कबूल करते.

पाचव्या दिवशी दुपारी मी मूर्खपणा केला. कॅम्पच्या आचाऱ्यानं सहज सांगितलं होतं की तंबूंच्या मागे जे मोठं वारूळ आहे, त्यावर चढलं की कधीमधी रेंजची एक रेषा येते. तिथली वारुळं घराएवढी असतात, वर झाडं उगवतात. एकटीनं तंबू सोडून जायचं नाही हा नियम मला ठाऊक होता. नवरा घोरत होता. मी गेले. वर चढून फोन उंच धरला, वळवला, पुन्हा धरला. रेषा नाही. उतरायला वळले, तर वारूळ आणि तंबू यांच्यामध्ये एक हत्तीण उभी होती. तिच्या पोटाखाली पिल्लू.

दूर स्वयंपाकाच्या छपराशी गाइड दिसला. त्यानं दोन्ही तळहात खाली दाबून दाखवले. बस. मी बसले. हत्तीण झाडाच्या शेंगा एकेक उचलून खात होती, घाई नाही, गडबड नाही. तास झाला असेल, जास्तही असेल. माझे पाय बधिर झाले, मुंग्या चावत होत्या, आणि मला हलता येत नव्हतं. रडू यायला लागलं. भीतीनं नाही, संतापानं. इतकी वर्षं मी धावते आहे ती नेमकी कुठे, असलं काहीतरी मनात येत होतं. मग तेही थांबलं. शेवटी शेवटी मी फक्त त्या पिल्लाकडे बघत होते. त्याला सोंडेचं काय करावं ते कळत नव्हतं. ते स्वतःच्याच सोंडेवर पाय देऊन अडखळायचं.

हत्ती गेल्यावर गाइड वर आला. मला वाटलं ओरडेल. त्यानं विचारलं, "कुणाला फोन करत होता?"

"आईला."

"त्यांना ठाऊक आहे तुम्ही इथे आहात?"

मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "माझी आई मुंब्वात असते. मी वर्षाचे आठ महिने कॅम्पवर. नदीच्या कुठल्या बाजूला झोपतो ते तिला सांगून येतो." मग वाट दाखवत पुढे निघाला. मला राग आला. तुझं बरं आहे, म्हटलं मनात. तुझी आई एका दिवसाच्या अंतरावर आहे.

नंतर लोक मला विचारायचे, त्या दिवशी तुला आतून काही जाणवलं होतं का? म्हणूनच वारुळावर गेलीस का? नाही. काही जाणवलं नव्हतं. मी रोजच तशी असते.

आठव्या दिवशी परत येताना मुंब्वाच्या त्याच पेट्रोल पंपावर फोन जिवंत झाला आणि खिशात धडधडायला लागला. मी आधी आईचे मेसेज उघडले. पहिल्या दिवशी, आमची 'उठले. चहा झाला.' ही थाप, आणि त्याखाली आईचं उत्तर: 'आज मेथी आणली. निवडायला दोन तास गेले, नुसत्या काड्या. तू काय केलंस?' आई एका बोटानं टाइप करते, पण भाजी सांगितल्याशिवाय तिचा दिवस पुरा होत नाही. भाजी, भाजीवाल्याची लबाडी, आणि मग माझ्या स्वयंपाकाची उलटतपासणी. लेकीनं 'नंतर सांगते' म्हटलं होतं. ठीक.

दुसऱ्या दिवसापासून आईचे मेसेज असे होते: 'सर्व ठीक आहे. काळजी नसावी.' 'ड्युटी सांभाळून जेवण वेळेवर घेणे.' 'थंडीत जपणे.' आणि माझ्याकडून, म्हणजे लेकीकडून, 'जेवायला पिठलं केलं.' त्यावर 'छान. काळजी नसावी.'

सहा दिवस, आणि एकही भाजी नाही. काळजी नसावी असं आमच्या घरात फक्त एक माणूस लिहितो, तो बँकेतून रिटायर झाला आहे आणि तो माझा भाऊ आहे. म्हणजे सहा दिवस त्या फोनवर माझ्या बाजूला मी नव्हते आणि आईच्या बाजूला आई नव्हती. पापाकुऱ्याहून माझी लेक आणि पुण्याहून माझा भाऊ, दोघं एकमेकांना थापा मारत बसले होते, आणि दोघांनाही वाटत होतं की आपण फार प्रेमानं वागतो आहोत.

पंपावर उभी राहूनच फोन लावला. "दादा, आईला काय झालं?"

"तुझी ड्युटी संपली का?"

"दादा!"

मग त्यानं सांगितलं. मंगळवारी सकाळी बाथरूमच्या दारात पडली. खुब्याचं हाड मोडलं. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू होत्या, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन शुक्रवारी सकाळी घेतलं. ऑपरेशन चांगलं झालं. पण त्यानंतर ती भ्रमात आहे, माणसं ओळखत नाही.

"मला का नाही सांगितलंस?"

"अगं, तू ड्युटीत अडकलेली. सुट्टी नाही म्हणालीस. उगाच तिथे जीव टांगणीला कशाला लावायचा? बरी झाली की सांगणारच होतो." त्याचा आवाज फुटला. "ऑपरेशनच्या आधी शुद्धीत होती तोवर तुझंच चाललं होतं. तिला बोलव म्हणाली. मी म्हटलं, तिला सुट्टी मिळत नाहीये. तर म्हणाली, मग राहू दे. फार लांब आहे."

मी फोन ठेवला आणि पंपाच्या कठड्यावर बसले. इतकी स्थिर मी जन्मात बसले नव्हते. मंगळवारी वायरलेसवर निरोप आला असता तर बुधवारी लुसाका, गुरुवारी दुपारी पुणे. एक अख्खी संध्याकाळ ती मला ओळखणारी आई मला मिळाली असती. हातात सुट्टी होती, आणि न्यूझीलंडच्या मानानं मी तिच्या अर्ध्या वाटेवर बसले होते. ज्या शुक्रवारी तिला आत नेलं, त्या शुक्रवारी मी वारुळावर बसून हत्तीणीचं पिल्लू बघत होते. नवरा शेजारी येऊन उभा राहिला. माझं बोलणं त्यानं ऐकलं होतं; तो सरळ विमानाचं तिकीट बघायला लागला. लेकीला फोन केला तर ती रडत म्हणाली, "मम, आय थॉट आजी वॉज बीइंग सो स्वीट टू मी." तिला काय बोलणार? तिला ही विद्या मीच शिकवली होती.

नवरा घरी परतला आणि मी पुण्याला गेले. खुबा मोडलेल्या ऐंशीच्या बायकांना दुसऱ्या दिवशी उभं करणं हाच माझा धंदा आहे. इथल्या वॉर्डात मी त्यांच्या मुलींना शांतपणे सांगते, ऑपरेशननंतर असा भ्रम होतो, बहुतेक वेळा उतरतो, घाबरू नका. ते सगळं मला पाठ होतं आणि आईच्या खाटेशी त्यातला एक शब्द उपयोगी पडला नाही. ती मला "सिस्टर" म्हणाली. पाणी द्या म्हणाली. मी तिला काखेत धरून उभी केली, चार पावलं चालवली, आणि हे मी परक्या बायकांसाठी कितीदा करते ते आठवून मला तिथेच हुंदका आला.

तिसऱ्या दिवशी तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "कधी आलीस गं?" म्हणाली. "कुठून आलीस?"

दादा मागून मला खुणा करत होता. न्यूझीलंड म्हण, न्यूझीलंड. मी म्हटलं, "आफ्रिकेतून, आई. तुला न सांगता जंगलात गेले होते. सिंह बघायला."

दादानं कपाळाला हात लावला. आई काय ओरडली! त्या आवाजानं शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. अक्कल आहे का, वय काय झालं, तिथे वाघ-सिंह खाऊन टाकतात, एका शब्दानं सांगितलं नाहीस, मी मेले होते का? मी खाली मान घालून ऐकत होते आणि मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. दुसऱ्या दिवशी ती सगळं विसरली होती. पुन्हा विचारलं, "कुठून आलीस?" पुन्हा सांगितलं. पुन्हा ओरडली.

त्याला आता वर्ष होत आलं. खुबा जुळला, ती काठी घेऊन घरात हिंडते. स्मरण पूर्वीचं आलं नाही. भाजी आता ती सांगत नाही. रोज साडेचारला ड्युटी संपली की मी हॉस्पिटलच्या पार्किंगमध्ये गाडीत बसते आणि व्हिडिओ कॉल करते. पुण्यात तेव्हा सकाळ असते, दादा फोन धरून बसतो. आई विचारते, "कुठे होतीस इतके दिवस?" मी सांगते. दादा वैतागतो, नवरा म्हणतो, "रोज नव्यानं कशाला त्यांचा जीव घाबरवतेस? घरीच होते म्हण ना." त्याचं चूक नाही. पण मी सांगते, कारण ओरडते तेव्हा ती दोन मिनिटं पुरती माझी आई असते. आणि खोटं बोलून गेलेली वेळ माझ्या घशात अडकून आहे, ती रोज थोडी थोडी गिळायला लागते.

काल मात्र ती ओरडली नाही. मी सगळं सांगितलं, हत्तीण, पिल्लू, वारूळ. ती चेहरा फोनजवळ आणून ऐकत होती. मग म्हणाली, "आफ्रिका फार लांब आहे का गं?"

"नाही गं. इथल्यापेक्षा पुष्कळ जवळ."

ती मग म्हणाली, "मग यायचं होतंस की."